सदस्यसूचीतील स्वनिर्मित रकाने आणि त्यांची पुनर्प्राप्ती : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

ईमेलद्वारे प्रचार करणाऱ्या संस्थेच्या सदस्यसूचीत ईमेल-पत्त्याखेरीज जन्मदिनांक, गाव, व्यवसाय, आवडनिवड असे अनेक रकाने आढळतात. सूचीधारक ते स्वतःच्या गरजेनुसार निर्माण करतो. म्हणून त्यांना स्वनिर्मित रकाने म्हणता येईल. त्यांतील माहिती सूचीतून पुन्हा बाहेर काढणे ही वरकरणी निव्वळ तांत्रिक बाब वाटते. तथापि व्यक्तीविषयी काय नोंदवावे आणि ते कोणाला परत वाचता यावे, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. त्याचा इतिहास संगणकाहून जुना आहे.

नाव आणि गुणविशेष

अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन होलेरिथ यांच्या छिद्रांकित कार्डांचा वापर झाला. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय ही माहिती छिद्रांच्या स्थानावरून ओळखली जाई. मात्र कार्डावर व्यक्तीचे नाव नसे. म्हणजे येथे रकाने होते, पण माणूस अनामिक होता. त्याच दशकात जोसेफ डंकन यांनी अ‍ॅड्रेसोग्राफ हे यंत्र तयार केले. त्यात नाव व पत्ता ठसठशीत उमटविलेल्या पट्ट्या असत आणि टपालाच्या पाकिटांवर त्यांचे छाप घेतले जात. पुढील काळात धातूच्या पट्टीच्या कडेवर छोट्या खुणा बसवून, अमुक खूण असलेल्याच पट्ट्या छापायच्या व उरलेल्या वगळायच्या, अशी सोय झाली. येथे नाव होते, परंतु गुणविशेषांना जागा फार थोडी होती. ईमेल-सूचीने या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हा संयोग लगेच घडला नाही. मे 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे 400 जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाची जाहिरात धाडली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पत्ते छापील निर्देशिकेतून निवडून टंकलिखित करण्यात आले. ते इतके झाले, की पत्त्यांच्या रकान्यात न मावता मजकुरातच सांडले. निवडीचा निकष प्रदेश हा होता; पण तो वाचला माणसाच्या डोळ्यांनी, यंत्राने नव्हे.

रकान्यांचीच नोंद

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात माहिती ओळी व स्तंभांच्या कोष्टकांत ठेवली जाते. स्तंभ आधी ठरतात, ओळी नंतर भरल्या जातात. परंतु 2001 मध्ये सुरू झालेल्या मेलचिंपसारख्या सेवांपुढे निराळीच अडचण होती. एकाच यंत्रणेवर असंख्य सूचीधारक. पुस्तकविक्रेत्याला हवा आवडता लेखक, दवाखान्याला हवा रक्तगट. प्रत्येकासाठी कोष्टकाची रचना बदलणे व्यवहार्य नसते. त्यावरील एक प्रचलित उपाय असा, की रकान्याची व्याख्याच एक नोंद म्हणून साठवावी आणि मूल्ये वेगळ्या कोष्टकात ठेवावीत. यातून लवचीकता आली. मात्र पुनर्प्राप्ती दुहेरी झाली. प्रथम व्याख्या मागवावी लागते, मग मूल्ये, आणि दोहोंची सांगड घालावी लागते. रकान्याचे दर्शनी नाव बदलले तरी अंतर्गत संकेत तोच राहू शकतो, हे ध्यानात न घेतल्यास जुना अर्थ नव्या नावाखाली वाचला जातो. दिनांकाचेही तसेच : 5/6 म्हणजे भारतात 5 जून, अमेरिकेत 6 मे.

मूळ साच्याचे गृहीतकही तपासण्याजोगे आहे. मेलचिंपच्या साच्यात एफनेम व एलनेम, म्हणजे पहिले नाव व आडनाव, हे रकाने आरंभापासून असतात. मराठी नावात मध्ये वडिलांचे वा पतीचे नाव येते. ते कोठे घालावे? कोणी पहिल्या रकान्यात कोंबतो, कोणी तिसरा रकाना निर्माण करतो. अशा दोन सूची एकत्र केल्या, की एकच व्यक्ती दोन म्हणून उभी राहते.

पुनर्प्राप्तीचा हक्क

सूचीधारकाला सर्व रकाने दिसतात. सदस्याला त्यांतील निवडकच दाखविता येतात, आणि काही तर त्याच्या नकळत भरलेले असतात. ही विषमता कायद्याने फार पूर्वीच हेरली होती. स्वीडनच्या 1973 च्या माहिती कायद्याने संगणकीय नोंदीतील स्वतःविषयीची माहिती जाणून घेण्याचा हक्क दिला. तोवर थुर्क यांची जाहिरात निघालीही नव्हती. युरोपीय संघाच्या 25 मे 2018 पासून लागू झालेल्या नियमाच्या 15 व्या कलमाने तो अधिक तपशिलाने मांडला. भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीचा सारांश मागण्याचा हक्क शब्दबद्ध केला.

सारांश देतानाही तीच दुहेरी पुनर्प्राप्ती करावी लागते. एखाद्या स्वनिर्मित रकान्यात केवळ ‘3’ असे मूल्य असेल आणि त्याची व्याख्या पुसली गेली असेल, तर सदस्याच्या हाती पडते ती होलेरिथच्या कार्डावरील छिद्रासारखी, संकेतसूचीवाचून न उलगडणारी खूण. फरक इतकाच, की या कार्डावर त्याचे नाव लिहिलेले आहे.