ढालीवर कोण?

गिरणीत ताग्यावर छाप मारतात, माल कोणाचा ते कळावं म्हणून. युरोपातल्या सरदारांची कुलचिन्हं अशीच निघाली. बाराव्या शतकात लढणाऱ्याचं तोंड लोखंडी टोपात झाकलेलं. आपला कोण, परका कोण? म्हणून ढालीवर सिंह, गरुड, पट्टे रंगवले. पुढं ते चिन्ह बापाकडून पोराला जाऊ लागलं. खुणेचा वारसा झाला, वारशाचा माज. १४८४ साली इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजानं या चिन्हांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना सनदच दिली.

मग चिन्हात काय शिरलं बघा. जॉन हॉकिन्सनं १५६२ च्या सफरीत आफ्रिकेतून निदान ३०० माणसं धरून नेली अन् कॅरिबियन बेटावर विकली. पुढच्या सफरीला खुद्द एलिझाबेथ राणीनं जहाज दिलं. १५६५ साली त्याला कुलचिन्ह मिळालं. त्याच्या माथ्यावर काय? दोरीनं बांधलेला काळा माणूस! गुन्हा लपवला नाही, मिरवला.

१७९० साली फ्रान्सच्या क्रांतीनं सरदारक्या अन् कुलचिन्हं रद्द केली. १८०८ साली नेपोलियननं ती परत आणली. नुसतं पुसून भागत नाही, आपलं काढावं लागतं. २७ एप्रिल २००० ला दक्षिण आफ्रिकेनं १९१० पासून चालत आलेलं गोऱ्यांचं चिन्ह उतरवलं. नव्या ढालीवर खोईसान लोकांच्या जुन्या खडकचित्रातली दोन माणसं, समोरासमोर, एकमेकांना भेटणारी. ब्रीद अशा खोईसान भाषेतलं, जी बोलणारं आज कोणी उरलं नाही.

तिथं बांधलेला माणूस, इथं भेटणारी माणसं. रंगाचा डबा कोणाच्या हातात, सवाल तेवढाच हाय.