आयोवा

आयोवा हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्य-पश्चिम भागातील एक कृषिप्रधान राज्य आहे. त्याच्या उत्तरेस मिनेसोटा, पूर्वेस विस्कॉन्सिन व इलिनॉय, दक्षिणेस मिसूरी, तर पश्चिमेस नेब्रास्का व साउथ डकोटा ही राज्ये आहेत. क्षेत्रफळ सुमारे १,४५,७४६ चौ. किमी. असून २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३१,९०,३६९ होती. दे मॉइन ही राज्याची राजधानी व सर्वांत मोठे शहर होय. मका, डुकरे, अंडी आणि इथेनॉल यांच्या उत्पादनात आयोवा देशात अग्रेसर आहे. राज्याचे एकूण क्षेत्र सुमारे ३ कोटी ६० लाख एकर असून त्यांपैकी सुमारे ३ कोटी एकर जमीन शेतीखाली आहे.

भूवर्णन

आयोवाची पूर्व सीमा मिसिसिपी नदीने, तर पश्चिम सीमा मिसूरी व बिग सू या नद्यांनी आखली आहे. दे मॉइन, आयोवा, सीडर इत्यादी प्रमुख नद्या आग्नेयेकडे वाहत जाऊन मिसिसिपीला मिळतात. पश्चिम भागातील लहान नद्या मिसूरीच्या खोऱ्यात जातात. प्रदेश सामान्यतः सौम्य चढउतारांचा आहे. वायव्येकडील हॉकाय पॉइंट हे सर्वोच्च ठिकाण (सुमारे ५०९ मी.) असून आग्नेय टोकाला कीओकक येथे भूमी सर्वांत सखल (सुमारे १४६ मी.) आहे. ईशान्येकडील भागात खडकाळ कडे व खोल दऱ्या आढळतात. मिसूरी नदीच्या काठाने वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचे उंच टेकाड पसरले असून ते लोएस टेकड्या म्हणून ओळखले जाते.

उत्तर-मध्य भाग शेवटच्या हिमयुगात हिमनदीखाली होता. हिमनदी मागे हटल्यावर तेथे सपाट, पाण्याचा निचरा न होणारी भूमी, तळी व दलदली उरल्या. त्यानंतर हजारो वर्षे या प्रदेशावर पुरुषभर उंचीचे गवत वाढत होते. गवताची मुळे खोलवर जात, दरवर्षी त्यांचा काही भाग कुजून मातीत मिसळे. या क्रियेतून सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशी काळी माती तयार झाली. राज्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भूमीवर पसरलेल्या या गवताळ प्रदेशाचा (प्रेअरीचा) आज हजारातील एक भागही मूळ स्वरूपात शिल्लक नाही.

हवामान खंडांतर्गत प्रकारचे आहे. हिवाळे कडक व बर्फाचे, तर उन्हाळे उष्ण व दमट असतात. बहुतेक पाऊस पिकांच्या वाढीच्या काळात पडत असल्याने मक्याला सामान्यतः सिंचनाची गरज भासत नाही. १९९३ व २००८ चे महापूर आणि १० ऑगस्ट २०२० रोजीचे विनाशकारी वादळ या राज्यातील अलीकडच्या मोठ्या नैसर्गिक आपत्ती होत. २००८ च्या पुरात सीडर रॅपिड्स शहराचा मध्यभाग पाण्याखाली गेला होता.

इतिहास

राज्याचे नाव येथील आयोवे या आदिवासी जमातीवरून पडले. सॉक, मेस्क्वाकी, सू इत्यादी जमातीही येथे राहत. १८०३ च्या लुइझियाना खरेदीने हा प्रदेश फ्रान्सकडून अमेरिकेकडे आला. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात सॉक जमातीचा पराभव झाल्यावर मिसिसिपीच्या पश्चिमेचा मोठा पट्टा त्यांना सोडून द्यावा लागला, आणि १८३३ पासून गोऱ्या वसाहतकारांना तेथे वस्तीची मुभा मिळाली. मेस्क्वाकींनाही पुढे राज्याबाहेर पाठविण्यात आले. परंतु त्यांनी १८५७ मध्ये टामाजवळ ८० एकर जमीन विकत घेतली. सरकारने नेमून दिलेल्या राखीव प्रदेशाऐवजी स्वतः खरेदी केलेल्या भूमीवरील ही त्यांची वसाहत आजही नांदती आहे.

२८ डिसेंबर १८४६ रोजी आयोवा २९ वे राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले. १८५७ मध्ये राजधानी आयोवा सिटीहून दे मॉइनला हलविण्यात आली. १८६७ मध्ये लोहमार्गाने संपूर्ण राज्य ओलांडले आणि शेतमालाला शिकागोची बाजारपेठ मिळाली. १८६८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲलेक्झांडर क्लार्क यांच्या मुलीच्या खटल्यात कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळेत बसविणे बेकायदेशीर ठरविले. संपूर्ण देशासाठी असा निर्णय होण्यास १९५४ साल उजाडावे लागले.

लोक

एकोणिसाव्या शतकात येथे जर्मन, आयरिश, डच व नॉर्वेजियन लोक मोठ्या संख्येने आले. पेला हे डच, तर डेकोरा हे नॉर्वेजियन वारशाचे गाव आहे. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या अमाना वसाहतींतील जर्मन भाविकांनी १९३२ पर्यंत मालमत्ता सामाईक ठेवली होती. १९७५ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या पुढाकाराने आग्नेय आशियातील ताय दाम निर्वासितांना राज्यात आश्रय देण्यात आला. अलीकडच्या दशकांत मांसप्रक्रिया कारखान्यांमधील कामामुळे स्टॉर्म लेकसारख्या छोट्या शहरांत लॅटिन अमेरिकी व आशियाई कुटुंबे स्थायिक झाली आहेत.

१९०० मध्ये आयोवाची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती. त्यानंतरच्या १२० वर्षांत देशाची लोकसंख्या चौपटीहून अधिक झाली. आयोवाची मात्र दीडपटही झाली नाही. त्याच काळात शेतांची संख्या २ लाखांहून अधिक होती ती घटून सुमारे ८७ हजारांवर आली. शेते मोठी होत गेली आणि अनेक ग्रामीण काउंट्यांतील गावे, दुकाने व शाळा ओस पडत गेल्या. १९८० च्या दशकातील कृषिसंकटाने ही प्रक्रिया वेगवान केली: १९८१ ते १९८६ या काळात जमिनीच्या किमती सुमारे ६० टक्क्यांनी कोसळल्या आणि कर्जबाजारी झालेल्या अनेक कुटुंबांना शेती सोडावी लागली.

अर्थव्यवस्था

ट्रॅक्टर येण्यापूर्वी येथील शेतकरी मक्याबरोबर घोड्यांसाठी ओट व गुरांसाठी गवत घेत असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ओट व कुरणे मागे पडून एका वर्षी मका व दुसऱ्या वर्षी सोयाबीन हा क्रम रूढ झाला. हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी स्थापन केली. ते पुढे देशाचे कृषिमंत्री व उपराष्ट्राध्यक्ष झाले. संकरित बियाणे, रासायनिक खते व यंत्रे यांमुळे मक्याचे एकरी उत्पादन अनेक पटींनी वाढले.

येथील मक्याचा बराच मोठा भाग इथेनॉलसाठी व पशुखाद्यासाठी वापरला जातो. राज्यात डुकरांची संख्या २ कोटींहून अधिक, म्हणजे माणसांच्या सुमारे सातपट आहे. तथापि राज्याच्या एकूण उत्पन्नात शेतीचा थेट वाटा मर्यादित असून कारखानदारी, विमा व वित्तसेवा यांचा वाटा अधिक आहे. दे मॉइन हे विमा व्यवसायाचे महत्त्वाचे केंद्र आहे, तर वॉटर्लू येथे ट्रॅक्टर तयार होतात. राज्यातील निम्म्याहून अधिक वीज पवनचक्क्यांपासून मिळते.

माती व पाणी

उत्तर-मध्य आयोवातील दलदलीची भूमी लागवडीखाली आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून जमिनीखाली भाजक्या मातीचे, पुढे प्लॅस्टिकचे सच्छिद्र नळ टाकण्यात आले. या निचरा-नळांमुळेच तेथे विक्रमी पीक येऊ शकले. परंतु मका व सोयाबीन वर्षातील काही महिनेच जमीन झाकून ठेवतात. उरलेल्या काळात, विशेषतः वसंतातील पावसात, पिकाने न शोषलेले नायट्रेट याच नळांतून थेट ओढ्यानाल्यांत उतरते. उघड्या मातीची धूपही मोठ्या प्रमाणावर होते.

दे मॉइन शहर पिण्याचे पाणी रॅकून व दे मॉइन या नद्यांतून घेते. पाण्यातील नायट्रेट दर लिटरला १० मिलिग्रॅम या कायदेशीर मर्यादेत ठेवण्यासाठी शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला १९९० च्या दशकारंभी खास प्रकल्प उभारावा लागला. २०१५ मध्ये या संस्थेने वरच्या भागातील तीन काउंट्यांच्या निचरा-जिल्ह्यांविरुद्ध दावा दाखल केला; तो २०१७ मध्ये फेटाळण्यात आला. २०२५ च्या उन्हाळ्यात नायट्रेटचे प्रमाण वाढल्याने शहर परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली होती. याच खोऱ्यांतून वाहून जाणारे नायट्रोजन मेक्सिकोच्या आखातातील प्राणवायूविरहित पट्ट्यास हातभार लावते. हिवाळी आच्छादन पिके, पाणथळ जागांची पुनर्निर्मिती व ओढ्याकाठी गवताचे पट्टे हे उपाय सुचविले जातात. तथापि ते प्रामुख्याने ऐच्छिक असल्याने त्यांचा प्रसार संथ आहे.

शिक्षण व भारताशी संबंध

आयोवा सिटी येथील आयोवा विद्यापीठ (स्थापना १८४७) लेखनशिक्षणासाठी, तर एम्स येथील आयोवा स्टेट विद्यापीठ (स्थापना १८५८) कृषी व अभियांत्रिकी शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. हरितक्रांतीचे प्रवर्तक व १९७० च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी नॉर्मन बोरलॉग यांचा जन्म १९१४ मध्ये याच राज्यातील क्रेस्को गावाजवळ झाला. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेला जागतिक अन्न पुरस्कार दरवर्षी दे मॉइन येथे दिला जातो. १९८७ मध्ये पहिला पुरस्कार एम. एस. स्वामीनाथन यांना मिळाला. १९९८ मध्ये तो जालना येथील बियाणे उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला.