जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार



मोटारसायकलीला आपल्या मराठींत ‘फटफटी’ हें नांव कोणा पंडितानें दिलेलें नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्या लोकांच्या कानांवर जो आवाज पडला तोच त्यांच्या तोंडीं बसला, आणि एका विलायती यंत्राचें आपल्याकडे बारसें झालें. आज विजेवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत. आणि याच काळांत कांहीं सुशिक्षित तरुण मंडळी गोठ्यांत, पडवींत, भंगाराच्या दुकानांत पडलेल्या जुन्या फटफट्या विकत घेऊन त्या पुनः चालत्या करण्याच्या नादीं लागलेली दिसतात. घरांतील वडीलधारी माणसें यास पैशाची नासाडी म्हणतात. मीं आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, यंत्रशास्त्र नव्हे; तरी मला असें वाटतें कीं, या नादांत इतिहासाचा एक चांगला धडा आहे, आणि एक खरा प्रश्नहि आहे. ज्या गाडीचे निम्मे भाग बदलले, ती गाडी तीच राहिली असें कशावरून म्हणावें? आज या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठीं उदाहरण घ्यावयाचें आहे तें आपल्या सर्वांच्या ओळखीच्या ‘बुलेट’चें.

बुलेटचें मूळ गांव इंग्लंडांतील रेडिच. सुया तयार करण्याच्या धंद्यासाठीं हें गांव प्रसिद्ध होतें. तेथील सुयांचा व पुढें सायकलींचा एक कारखाना १८९१ सालीं आल्बर्ट ईडी व रॉबर्ट वॉकर स्मिथ या दोघांनीं हातीं घेतला. एन्फील्ड येथील सरकारी बंदुकांच्या कारखान्यास सुटे भाग पुरविण्याचें काम त्यांस मिळालें, आणि त्या संबंधावरून ‘रॉयल एन्फील्ड’ हें नांव त्यांच्या मालावर आलें. १९०१ सालीं त्यांची पहिली मोटारसायकल निघाली. ‘बुलेट’ हें नांव १९३२ च्या गाडीस मिळालें. परंतु आपण जिला बुलेट म्हणून ओळखतों ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९४८-४९ सालची. त्या वेळीं पुष्कळशा गाड्यांचें मागचें चाक सांगाड्यालाच जखडलेलें असे. बुलेटचें मागचें चाक स्प्रिंगांच्या आधारानें वरखालीं झुलणाऱ्या दांड्यांवर बसविलेलें होतें, त्यामुळें खडबडीत वाटेवर ती अंग सांभाळून चाले. तिचें इंजिन एकाच सिलिंडरचें. सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची दौड ९० मिलिमीटर. व्यासापेक्षां दौड मोठी, म्हणून ठोका संथ आणि भरदार. फटफटी या शब्दाला न्याय देणारा असाच तो ठोका होता.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला सरहद्दीवरील कामासाठीं कणखर मोटारसायकली हव्या होत्या. निवड बुलेटची झाली. १९५५ सालीं रेडिचच्या कंपनीनें मद्रास मोटर्स या संस्थेशीं भागी करून ‘एन्फील्ड इंडिया’ स्थापन केली, आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें कारखाना उभा राहिला. प्रारंभीं विलायतेहून आलेले सुटे भाग येथें जोडले जात. हळूहळू तीं बनविण्याचीं साधनेंहि आलीं, आणि कांहीं वर्षांतच सगळी गाडी येथें तयार होऊं लागली.

यापुढील हकीकत विलक्षण आहे. १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला, आणि १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील उरलासुरला धंदाहि आटोपला. माहेर ओस पडलें, आणि सासरीं गेलेली लेक मात्र नांदत राहिली! १९७७ सालीं मद्रासची बुलेट उलट इंग्लंडास निर्यात होऊं लागली, तेव्हां तेथील लोकांना आपल्या वडिलांच्या तरुणपणची गाडी दुकानांत कोरी करकरीत पाहावयास मिळाली.

असें कां घडलें? त्याचें उत्तर आपल्या अर्थव्यवहाराच्या इतिहासांत आहे. त्या काळीं आयातीवर निर्बंध होते, कारखानदारीस परवाने लागत, आणि गाड्यांपेक्षां गिऱ्हाइकें अधिक होतीं. माल सुधारण्याची कारखान्यास निकड नव्हती. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें हा कुंठितपणाच होता. १९८५ सालीं हिरो होंडाची हलकी, थोड्या पेट्रोलांत दूर जाणारी गाडी आली, तेव्हां लोक तिकडे वळले यांत नवल नाहीं. परंतु ज्या कुंठितपणानें त्या वेळच्या गिऱ्हाइकास कंटाळा आणला, तोच आज जीर्णोद्धार करणाऱ्यास वरदान ठरला आहे. आराखडा फारसा न बदलल्यामुळें पुढील काळांत बनलेले बरेचसे भाग जुन्या गाडीस लागू पडतात. ओतीव लोखंडाचें तें जुनें इंजिन २०१० च्या सुमारास बंद झालें, तोंपर्यंत त्याचें ज्ञान गांवोगांवच्या मिस्त्र्यांच्या हातांत मुरलें होतें.

आतां अशी गाडी विकत घेणाऱ्यानें काय पाहावें? इतिहासाचा अभ्यासक जुना कागद पाहतो तसें पाहावें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांतून बुलेट घेतली. विकणारे वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पाव्हणं, आमच्या वडलांनी नवीच घेतली व्हती ही.” गाडी काळ्या रंगाची होती. घरीं आणून टांकी घांसली तेव्हां काळ्याखालीं तांबूस रंग निघाला, आणि त्याहि खालीं सैन्यांतला हिरवा. गाडी प्रथम फौजेंत होती आणि पुढें लिलावांत विकली गेली, असा त्या तिसऱ्या थराचा अर्थ. ते गृहस्थ खोटें बोलत नव्हते; लिलावांतून गाडी घरीं आली त्या दिवशीं ती त्या घराला नवीच होती. तोंडी हकीकत व वस्तूची साक्ष यांत विरोध दिसला, म्हणून दोहोंपैकीं एक लबाड असलीच पाहिजे असें नाहीं, हा इतिहासाचा पहिला धडा त्या टांकीनें दिला.

दुसरी साक्ष क्रमांकांची. सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो, इंजिनावर दुसरा. हे दोन्ही नोंदणीच्या पुस्तकांतील क्रमांकांशीं अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर गाडी कितीहि देखणी असो, ती घेऊं नये. कारण तिच्यामागें चोरीचें किंवा बनावट कागदांचें लफडें असूं शकतें. या विद्यार्थ्याच्या गाडीचे क्रमांक जुळले. पण सांगाडा १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतला, आणि पुस्तकांतील प्रथम नोंदणी मात्र १९७९ सालची, म्हणजे लिलावानंतरची. लोखंडाचें वय एक व कागदाचें वय दुसरें! यास व्यवहारांत महत्त्व आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें प्राचीन वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षें झालेल्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यांत ‘व्ही. ए.’ ही अक्षरें असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचें शुल्क २० हजार रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शनास, संचलनास, पेट्रोल भरण्यास अथवा दुरुस्तीस नेतां येते, रोजच्या वापरास नव्हे. म्हणजे या फौजी गाडीला कागदोपत्रीं तो मान मिळावयास २०२९ साल उजाडावें लागेल. तोंपर्यंत इतर जुन्या गाड्यांप्रमाणें तिच्या नोंदणीचें वेळोवेळीं नूतनीकरण करीत राहावें लागेल. घेणाऱ्यानें हा हिशेब आधींच करावा.

गाडी घरीं आली कीं उत्साहाच्या भरांत प्रथम किक मारण्याचा मोह होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या बुलेटचें तेल झिरपून इंजिनाच्या तळाशीं साचलेलें असतें, आणि पिस्टन गंजानें सिलिंडराला चिकटलेला असण्याचा संभव असतो. आधीं जुनें तेल काढावें. प्लग काढून सिलिंडरांत थोडें ताजें तेल सोडावें. मग गाडी गियरमध्यें घालून मागचें चाक हातानें हळूहळू फिरवावें. पिस्टन हलला तर निम्मी काळजी मिटली. सिलिंडर झिजला असेल तर तो लेथवाल्याकडे नेऊन किंचित मोठा करतात व त्या मापाचा पिस्टन घालतात. असें कांहीं वेळां झाल्यावर वाढविण्यास जागा उरत नाहीं. मग आंत नवा लायनर ठोकतात, व सिलिंडर पुनः मूळ मापावर येतो. जुन्या बुलेटचे पुष्कळ नट इंग्रजी इंचांच्या मापाचे व आटेहि त्याच पद्धतीचे असतात. तेथें मिलिमीटरचा पाना चालविला कीं नटाचे कोपरे गोल होतात आणि आटे मरतात. शिवाय आपल्या पेट्रोलांत आतां इथेनॉल मिसळलेलें असतें. त्यानें जुने रबर व टांकीचे आंतील लेप खराब होतात, म्हणून नळ्या व वायसर तरी नवे घालावे लागतात.

येथें आपला मूळ प्रश्न उभा राहतो. नवें किती घालावें? यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष गाडीला इतकें क्रोम व इतका रंग चढवितो कीं ती कारखान्यांतून निघाली तेव्हांहि एवढी झगमगत नसेल. दुसरा पक्ष गंजाचा ठिपकाहि पुसूं देत नाहीं. माझ्या अल्प मतीप्रमाणें यांत तीन भेद करावेत. ज्यावर जीव अवलंबून आहे, म्हणजे ब्रेक, टायर, तारा, केबली, तें निःशंक बदलावें. जुनेपणासाठीं हातपाय मोडून घेण्यांत इतिहासनिष्ठा नाहीं. जें हालचालीनें झिजतें तें शक्यतों दुरुस्त करावें, न जमल्यास बदलावें. झिजणें व बदलणें हा यंत्राचा स्वभावच आहे. पण जें केवळ साक्ष देतें, जसे ठोकलेले क्रमांक, जुने शिक्के, टांकीवरचा पोंचा, रंगाचे थर, तें उगीच पुसूं नये. त्या विद्यार्थ्यानें गाडी पुनः काळीच रंगविली, कारण गांवानें तिला त्याच रंगांत पाहिलें होतें; मात्र हत्यारांच्या पेटीच्या झांकणाची आंतली बाजू त्यानें हिरवी राहूं दिली. मला हा निवाडा योग्य वाटला.

नुसत्या नांवानें गाडी जगत नाहीं, याचें एक शेजारचें उदाहरण आहे. मुंबईच्या इराणी कुटुंबांतील रुस्तुम व फारुख यांनीं चेकोस्लोव्हाकियाच्या ‘जावा’ कंपनीशीं करार करून म्हैसूर येथें ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला. १९६१ पासून तेथें जावा व १९७३ पासून येझदी या नांवाच्या गाड्या निघाल्या, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद झाला. मागें कोणी धनी उरला नाहीं. तरी दोन सायलेन्सरांच्या त्या गाड्या कांहीं शहरांत आजहि धांवतात, त्या हौशी लोकांनीं व मिस्त्र्यांनीं सुट्या भागांचा शोध सोडला नाहीं म्हणून. २०१८ सालीं दुसऱ्या एका कंपनीनें जावा हें नांव पुनः बाजारांत आणलें. तें नांवाचें पुनरुज्जीवन होय. जुन्या यंत्राचें पुनरुज्जीवन त्याआधींपासून पुण्याच्या जुन्या बाजारांत आणि मुंबईच्या चोरबाजारांत हात काळे करणाऱ्यांनीं चालविलें होतें.

आणि या सर्वांच्या मुळाशीं जें ज्ञान आहे तें कोठें असतें? जुनी बुलेट सुरू करण्याचीच रीत पाहा. चावी फिरविली कीं पुढील दिव्यावरच्या ॲमीटरचा काटा एका बाजूस कलतो. किक हळूहळू दाबीत गेलें कीं एका क्षणीं काटा मध्यावर येतो. त्या वेळीं डीकम्प्रेसरची कळ दाबून किक किंचित पुढें न्यावयाची, कळ सोडावयाची, आणि मग एकच पूर्ण, भरदार किक. हें वाचून समजतें. येतें मात्र शेजारीं उभ्या असलेल्या मिस्त्र्याच्या “थांबा, आता मारा” या शब्दांनीं. असे मिस्त्री आतां वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या मुलांनीं दुसरे धंदे धरले आहेत. सिलिंडराला लायनर घालतां येतो. पण हें ज्ञान तुटलें तर तें कोठल्या दुकानांत मिळणार?

म्हणून ‘गाडी तीच राहिली काय?’ या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. कायद्यापुरती ती सांगाड्याच्या क्रमांकानें तीच असते. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र, काय काढलें, काय घातलें, कोणी घातलें आणि कां, याची आठवण जोंवर शाबूत आहे तोंवरच ती तीच असते. रेडिचची बुलेट मद्रासला येऊन बुलेटच राहिली, कारण देश व कारागीर बदलले तरी आराखडा व कसब हे एका हातांतून दुसऱ्या हातांत जात राहिले. मध्यें खंड पडला नाहीं.

यास्तव ज्यांच्या घरीं असा नादिष्ट तरुण असेल त्यांनीं त्याला रागें भरूं नये. त्याच्या हातीं एक जाड वही द्यावी. तींत गाडी कोणाकडून, केव्हां व कशा स्थितींत घेतली तें त्यानें लिहावें. निघालेला प्रत्येक भाग, बसविलेला प्रत्येक भाग व झालेला खर्च लिहावा. आणि ज्या मिस्त्र्यानें इंजिन बांधलें त्याचें नांव व त्यानें सांगितलेल्या युक्त्या त्याच्याच शब्दांत टिपून ठेवाव्या. पुढें गाडी विकली तर तिच्याबरोबर ती वहीहि द्यावी. घेणारा कोणीहि असो, त्याला नुसतें लोखंड नव्हे, तर त्या लोखंडाची सगळी हकीकत मिळेल.