नगरच्या किल्ल्यातली चंद्रकोर

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्या ग्रंथाची सुरुवात चंद्राने होते, हे फारसं कुणी सांगत नाही. किल्ल्यात आलो तेव्हा मावळत्या उजेडात कोवळी कोर दिसली, शुक्ल पक्ष लागला होता, असं ते म्हणतात. पुढे प्रत्येक नवी कोर म्हणजे कैदेतला एक महिना सरल्याची खूण.

आता आपण पंचांग उघडू या. अटक झाली ९ ऑगस्ट १९४२ ला, पहाटे, मुंबईत. त्याच दिवशी काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना खास गाडीने नगरला आणलं. अमावास्या मात्र १२ ऑगस्टची. आषाढ अमावास्या, आपली दिव्यांची अवस. म्हणजे ९ तारखेला वद्य पक्ष चालू होता. संध्याकाळी कोर दिसणार कशी? ती दिसली असेल तर श्रावण लागल्यावर, चारेक दिवसांनी.

मग त्या दिवशी चंद्र होता कुठे? वद्यातली शेवटची कोर सूर्याच्या आधी उगवते. त्या पहाटे ती पूर्वेला होती, आणि तिच्याच आसपास गुरू आणि खाली शुक्र. पोलीस दाराशी आले तेव्हा आकाशात हा मेळा भरलेला होता. ऑगस्टच्या ढगांतून तो कुणाला दिसला का, हे गणित सांगत नाही.

तर मग नेहरू चुकले का? एका ओळीत चूक सापडली की सगळा माणूसच खोटा ठरवायचा, अशी हल्ली घाई असते. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आम्हाला इथे खोटेपणा दिसत नाही. वीस महिन्यांनी आठवताना चार दिवस एकमेकांत मिसळले, इतकंच. कैदी दिवस मोजायला लागतो तो वाढत्या कोरेपासून. घटना कधी घडली ते पंचांग सांगतं, ती माणसाला काय वाटली ते आठवण सांगते. इतिहासाला दोन्ही साक्षी लागतात, आणि एकीने दुसरीला तपासावं लागतं.

अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी एकदा पहाटे गच्चीवर जा. ती सरती कोर बघा. किल्ल्यातल्या ग्रंथाने जिची नोंद घेतली नाही, ती हीच.