बुऱ्हाणपूरचा अर्धा ‘र’

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत तिच्या उभारणीची वार्ता अरबी व संस्कृत या दोन्ही भाषांत कोरलेली आहे. संस्कृत लेखात संवत १६४६, शके १५११ देऊन तिथिनक्षत्रांच्या घटिकाही नोंदल्या आहेत. दगड जास्त लागला तरी चालेल, नोंद पुरी हवी, असा तो व्यवहार दिसतो. यंत्राच्या पाटीवर हा हिशेब इतका सरळ राहिला नाही.

१९८८ च्या भारतीय संकेतात नागरीचा एक वर्ण एका बाइटात मावे. त्याच आराखड्यावरून १९९१ साली युनिकोडने नागरीस दोन बाइटांचे घर दिले. पुढल्याच वर्षी केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचली. तीत इंग्रजी अक्षरास एक बाइट, आमच्या वर्णास तीन! हा पंक्तिप्रपंच आम्हांस प्रथम खटकला; परंतु जुन्या इंग्रजी आज्ञावली तीमुळे न मोडता चालू राहिल्या, हेही मान्य केले पाहिजे. जावाने सोळा बिटांचीच कास धरली. पुढे ती घरे अपुरी पडून १९९६ साली जोडघरांची सोय झाली, आणि २०१४ साली आलेली आपली मोडी तेथेच राहते. दोन्ही पद्धतींत तिला चार बाइट लागतात.

पायथनने २०१२ पासून निराळीच तोड काढली. शब्दातील सर्वांत रुंद वर्ण पाहून सर्वांना सारखी जागा द्यावयाची. ‘बुऱ्हाणपूर’ यास वीस बाइट पुरतात. शेजारी मोडीचे एक अक्षर आले की अकराही वर्ण चार-चार बाइट अडवतात. लाभ एवढाच की सातवा वर्ण गुणाकाराने थेट सापडतो. यूटीएफ-८ मध्ये तो प्रारंभापासून मोजीत जावे लागते.

पण सातवा म्हणजे कोणता? डोळ्यास बु, ऱ्हा, ण, पू, र अशी पाच अक्षरे दिसतात. यंत्रास दहा वर्ण. अर्धा ‘र’ साध्या र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिला तर अकरा. दिसावयास दोन्ही रूपे एकच. युनिकोडच्या समरूपतेच्या नियमांत मात्र ती एक नव्हेत.

राजपुऱ्यातील एका घराच्या वाटणीपत्राचा शोध आम्ही एका कचेरीच्या सूचीत गावाच्या नावाने घेतला. उत्तर आले, नोंद नाही. पक्षकार वृद्ध बाई; त्या काही बोलल्या नाहीत. तीन आठवड्यांनी तेथील कारकुनाने पाने एकेक उलटून पत्र काढून दिले. ते त्याच सूचीत होते, दुसऱ्या ‘र’ने लिहिलेले. सुनावणीची तारीख तोवर उलटून गेली होती.