मुळशीचा सत्याग्रह आणि जात्यावरील ओव्यांची ध्वनिमुद्रणे : एका इतिहाससाधनाचा विचार

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पूर्व सीमेवर, हिंजवडीला लागून, माण हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीत उभी राहू लागलेली राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान नगरी पसरत पसरत माणच्या शिवारात आली, आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोमार्गाचे टोकही याच गावात आणण्याचे ठरले. त्याच तालुक्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याखाली, मुळशीचे धरण आहे. एका तालुक्याच्या या दोन टोकांवर सुमारे पाऊण शतकाच्या अंतराने एकच प्रश्न उभा राहिला. उद्योगासाठी जमीन दिली गेली, तेव्हा ती कसणाऱ्यांना काय वाटले, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर कोणत्या साधनांत शोधावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

मुळशीच्या सत्याग्रहाची हकीकत सर्वश्रुत आहे. म्हणून ती थोडक्यात सांगणे पुरे. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांध घालून पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवावे, ते डोंगरातून पश्चिमेस वळवून कोकणात भिरा येथे खाली सोडावे आणि त्यापासून मुंबईसाठी वीज निर्माण करावी, अशी टाटा पॉवर कंपनीची योजना होती. या पाण्याखाली जाणारे खोरे आंबेमोहोर भाताचे होते. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार देऊन कंपनीसाठी जमीन घेतली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधाच्या जागेवर जाऊन बसले व काम बंद पडले. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून या लढ्याची दखल घेतली. काम थांबले ते मात्र काही काळापुरतेच. पुढे ते पुन्हा सुरू झाले, धरपकड झाली. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव इत्यादींनी कारावास भोगला. मुळशीनेच बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले. डिसेंबर १९२४ मध्ये रेल्वे अडविल्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढ्याचा शेवट झाला. १९२७ पासून भिऱ्याचे वीजगृह चालू झाले.

या लढ्याची लिखित साधने विपुल आहेत. सरकारी दप्तर आहे, ‘केसरी’सारखी तत्कालीन वृत्तपत्रे आहेत, प्रत्यक्ष लढ्यात असलेल्या भुस्कुटे यांचा ‘मुळशी सत्याग्रह’ हा ग्रंथ आहे. राजेंद्र व्होरा यांनी या साधनांची चिकित्सा करून १९९४ मध्ये मराठीत व २००९ मध्ये इंग्रजीत जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. ती अशी की, मुळशी पेट्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे चढलेली होती. मावळा ती कसत होता. सावकाराचे लक्ष मोबदल्याच्या रकमेवर होते, मावळ्याचे भातखाचरावर. ज्याच्या नावे कागद होता त्याच्याशी तडजोड होऊ शकली; ज्याच्या नावे कागद नव्हता त्याला तडजोडीत स्थानच नव्हते.

ही गोष्ट जमिनीविषयी जितकी खरी, तितकीच इतिहासाविषयीही खरी आहे. बापट लिहीत होते, भुस्कुटे लिहीत होते, कंपनी व सरकार लिहीत होते. मावळा लिहीत नव्हता, आणि मावळ्याच्या घरची स्त्री तर नव्हतीच नव्हती. स्त्रिया बांधावर गेल्या, त्यांनी तुरुंगवास पत्करला, हे इतरांच्या लेखणीतून कळते. त्यांचे स्वतःचे म्हणणे कळत नाही. अस्सल कागद हेच इतिहासाचे खरे साधन, हा राजवाड्यांच्या परंपरेचा आग्रह रास्तच होता. परंतु ज्यांच्यापाशी कागदच नव्हता, त्यांच्यापुढे येऊन ही पद्धती थबकते.

२

या उणिवेच्या संदर्भात दुसऱ्या एका संग्रहाकडे लक्ष द्यावयास हवे. १९८० नंतरच्या दशकात हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात काम करीत असता स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या जमविण्यास प्रारंभ केला. पुण्यातील त्यांच्या समाजशास्त्रीय संशोधन केंद्राबरोबरच ‘गरीब डोंगरी संघटना’ ही डोंगराळ भागातील गरिबांची संघटना या कार्यामागे होती. तिच्यातील कार्यकर्त्या स्त्रिया स्वतः गाणाऱ्या होत्या व संग्राहकही होत्या. पुढे हे कार्य महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांत पसरले. संकलित ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. १९९० नंतर बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक त्यात सहभागी झाले. त्यांनी ओव्यांच्या संहितांची संगणकीय सूची सिद्ध केली व सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. त्यात मुळशी तालुक्यातील कोळावडे यासारखी गावे आहेत, तसेच बीड जिल्ह्यातील माजलगावही आहे. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ही संस्था या ओव्या भाषांतरासह प्रसिद्ध करीत आली आहे.

ओव्यांचे संकलन ही मराठीत नवी गोष्ट नव्हे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबर यांचे अनेक खंड, दुर्गा भागवत यांचे विवेचन ही परंपरा मोठी आहे. परंतु बहुतेक जुन्या संग्रहांत ओवी ही समग्र स्त्रीजातीची म्हणून छापली गेली. ती कोणी, कोठे म्हटली हे नोंदण्याची गरज वाटली नाही. प्रस्तुत संग्रहात गाणारीचे नाव, गाव, जात, वय, व्यवसाय यांची नोंद आहे. जिला सात-बाऱ्यावर जागा नव्हती, तिला संग्रहाच्या सूचीत जागा मिळाली. इतिहाससाधन या दृष्टीने हा फरक मूलगामी आहे. कारण ज्या वचनाचा वक्ता, स्थळ व काळ ज्ञात असतो, तेच वचन पुरावा म्हणून तपासता येते.

ध्वनिमुद्रणाचा विशेष याहून वेगळा आहे. कागदावर उतरलेली ओवी दोन चरणांची, नीटनेटकी दिसते. मुद्रित ओवीत जात्याची घरघर असते, एकीने सोडलेली ओळ दुसरीने उचललेली ऐकू येते, मध्येच थांबून आठवणे, हसणे, गप्प होणे असते. शिवाय या मुद्रणांत केवळ गाणे नाही. गाण्यानंतर त्याच स्त्रियांनी केलेला अर्थाचा उलगडाही आहे. सीतेच्या वनवासाची ओवी म्हणताना गाणारी स्वतःच्या सासुरवासाविषयी बोलत आहे, हे अभ्यासकाने तर्काने लावलेले अनुमान राहत नाही. ती स्वतःच ते सांगते. संघटनेच्या बैठकींत अशा ओव्या म्हणून त्यांवर चर्चा होत असे. म्हणजे हा संग्रह संग्रहालयासाठी झाला नाही; आपली स्थिती आपण समजून घ्यावी या हेतूने झाला.

३

तथापि या साधनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा काळाची. १९९० नंतर ज्यांचा आवाज मुद्रित झाला, त्यांपैकी बहुतेकींचा जन्म सत्याग्रहानंतरचा. १९२१ च्या घटनांच्या त्या साक्षीदार नव्हेत. बांधावर कोण गेले, किती दिवस बसले, हे त्यांच्या ओव्यांना विचारणे म्हणजे साधनाकडून त्याच्या शक्तीबाहेरचे काम घेणे होय.

दुसरी मर्यादा स्थळाची. ओवी ही माहेरची शिदोरी आहे. मुलगी लग्न होऊन डोंगरापलीकडे जाते, तेव्हा ओवी तिच्याबरोबर जाते आणि सासरच्या जात्यावर बसते. त्यामुळे ओवीपुढे लिहिलेले गाव हे ती मुद्रित झाल्याचे गाव असते, जन्मल्याचे असेलच असे नाही. एकच ओवी थोड्या फरकाने अनेक गावांत आढळते. परंतु चिकित्सकाला येथे अडचणीबरोबर संधीही आहे. पाठभेद एकत्र ठेवून पाहिले असता कोणता शब्द टिकला व कोणता बदलला हे दिसते, आणि जेथे शब्द बदलला तेथे बहुधा अनुभव बदललेला असतो.

तिसरी मर्यादा विषयाची. ओवीचे जग घर, शेत, पाऊस, भाऊ, लेक, पंढरी यांचे आहे. अर्ज, नोटीस, मोजणी यांचे नाही. अन्यायाचे नाव घेऊन ती क्वचितच बोलते. मात्र एखादी जमीन हातची गेली म्हणजे नेमके काय जाते, याचा हिशेब तिच्याइतका कोणत्याच दप्तरात सापडत नाही. भूसंपादनाच्या निवाड्यात क्षेत्र असते, आकार असतो, रक्कम असते. पावसाची वाट पाहणे, पेरणीला निघालेला धनी, माहेरी येण्याची वाट दाखविणारे शिवार, यांना त्या निवाड्यात रकाना नसतो. ज्याला रकाना नाही त्याचा मोबदलाही नाही. मुळशीच्या मावळ्याची तक्रार मुळात हीच होती. आणि ती समजण्यासाठी निवाडा व ओवी हे दोन्ही समोर ठेवावे लागतात.

४

जाते थांबले, त्याबरोबर ओवी म्हणण्याचा प्रसंगही संपला. पहाटे उठून दळण्याचे कष्ट पिठाच्या गिरणीने वाचविले, आणि त्याबद्दल कोणतीही स्त्री खेद करणार नाही. पण मुळशीच्या पाण्यापासून निघालेली वीज ज्या यंत्रयुगाला चालवीत होती, त्याच युगाने मुळशीच्या घरांतील हा एकमेव मोकळा बोलण्याचा वेळही संपविला, ही नोंद इतिहासात राहिली पाहिजे. राईरकर व प्वातव्हँ यांनी हे काम हाती घेतले तेव्हा ओव्या पाठ असलेली पिढी हयात होती. वीस वर्षांचा विलंब झाला असता, तर यांतील मोठा भाग उरला नसता.

यावरून निघणारा निष्कर्ष माणसारख्या गावांना अधिक लागू पडतो. मुळशीच्या पश्चिमेस जमीन गेली ती पाण्याखाली. पूर्वेस गेली ती इमारतींखाली. पहिल्या प्रसंगानंतर साठ वर्षांनी तरी त्या खोऱ्यातील स्त्रियांच्या आवाजाची नोंद झाली. दुसऱ्या प्रसंगाची शासकीय कागदपत्रे यथावकाश दप्तरखान्यात जातील व संशोधकाला मिळतील. परंतु ज्या स्त्रियांनी त्या शिवारात भात लावला, भांगलण केली आणि नंतर तेथे रस्ते होताना पाहिले, त्यांचे म्हणणे कागदात नाही. त्यांना आता जात्याची सोबत नाही. म्हणून कोणी विचारल्याखेरीज ते बाहेर येणारही नाही. विद्यापीठाच्या वर्गापासून माण फार दूर नाही. हे साधन शोधावयाचे नसून वेळेत निर्माण करावयाचे आहे, आणि ती वेळ त्या पिढीच्या आयुष्याएवढीच आहे.