अर्ल, सेक्रेटरी आणि ड्रायव्हर

मंडळी, कर्झन म्हटलं की आपल्याला १९०५ ची बंगालची फाळणी आठवते. आजची गोष्टही त्याच घरातून सुरू होते. कर्झनच्या ए.डी.सीं.पैकी एक होता सफोकचा १९ वा अर्ल, हेन्री हॉवर्ड. लेडी कर्झन शिकागोच्या लायटर घराण्यातल्या. त्यांची धाकटी बहीण डेझी हिचं १९०४ मध्ये या हेन्रीशी लग्न झालं. २ मार्च १९०६ ला त्यांना मुलगा झाला, चार्ल्स. आज आपण बोलणार आहोत ते या लेडी कर्झनच्या भाच्याविषयी.

वडील १९१७ मध्ये मेसोपोटेमियाच्या लढाईत पडले आणि अकराव्या वर्षी पोरगा अर्ल झाला. पण याचं मन उमरावीत रमेना. शिडाच्या जहाजावर उमेदवारी केली, स्कॉट्स गार्ड्समध्ये जाऊन बाहेर पडला, मग ऑस्ट्रेलियात जाऊन राबला. परतल्यावर लग्न केलं ते रंगभूमीवरच्या नर्तकीशी, मिमी क्रॉफर्डशी. त्यानंतर एडिंबरा विद्यापीठात औषधशास्त्र शिकला आणि पहिल्या वर्गात पदवी मिळवली. घरंदाज लोकांच्या दृष्टीनं हे सगळं वायाच गेलेलं आयुष्य होतं, असं म्हणायला हरकत नाही.

१९३९ ला युद्ध सुरू झालं, पण तब्येतीमुळे त्याला आघाडीवर घेतलं नाही. ब्रिटनच्या विज्ञान खात्याचा प्रतिनिधी म्हणून त्याला पॅरिसला धाडलं. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. तेव्हा बोर्दो बंदरात ब्रूमपार्क नावाच्या कोळशाच्या जहाजावर त्यानं हालबान आणि कोवार्स्की यांच्यासह कितीतरी शास्त्रज्ञ चढवले. शिवाय लाखो पौंडांचे हिरे, आणि नॉर्वेतून आलेलं जड पाणी, २६ डबे! अणुसंशोधनासाठी ते सोन्याहून मोलाचं. जहाज बुडालंच तर हा माल तरी तरंगावा म्हणून डेकवर तराफा बांधून त्यावर तो पक्का केला होता. २१ जूनला जहाज सुखरूप फाल्मथला लागलं.

पुढे लंडनवर बॉम्ब पडू लागले. आता बघा, न फुटलेला बॉम्ब मेलेला असतोच असं नाही. जर्मनांच्या १७ नंबरच्या फ्यूजमध्ये घड्याळ असायचं; ते तीन दिवसांपर्यंत चालायचं. ५० नंबरचा फ्यूज त्याहून कपटी. बॉम्ब जरासा हलवला तरी स्फोट. दोन्ही एकाच बॉम्बमध्ये असले तर? थांबावं तर घड्याळ चालू, हलवावं तर मरण.

यावर सफोकची रीत साधी होती. बॉम्बजवळ तो आपण काय करतोय ते मोठ्यानं सांगत जायचा आणि त्याची सेक्रेटरी आयलीन बेरिल मॉर्डन ते शब्दशः लिहून घ्यायची. ड्रायव्हर फ्रेड हार्ड्स मदतीला. उद्या हाच बॉम्ब दुसऱ्या कुणापुढे आला, तर आज काय चुकलं हे त्याला कळावं, एवढाच त्या टिपणांचा उद्देश. लोक तिघांना ‘पवित्र त्रिमूर्ती’ म्हणत. चर्चिलनंही आपल्या युद्धेतिहासात त्यांचा उल्लेख केलाय. आम्हाला मात्र त्या वहीचं जास्त वाटतं. बॉम्बशेजारी बसून लिहिणाऱ्या बाईचं धैर्य बॉम्ब उघडणाऱ्यापेक्षा कमी कसं म्हणायचं?

चौतीस बॉम्ब निभावले. १२ मे १९४१ ला केंटमधल्या एरिथच्या दलदलीत अडीचशे किलोचा पस्तिसावा होता. त्यात हेच दोन्ही फ्यूज होते. तो फुटला. तिघंही गेले, आणि बरोबरचे काही सैनिकही. अर्ल पस्तीस वर्षांचा होता.

आपल्यापैकी काहींना हा लॉर्ड सफोक मायकेल ओन्दात्जेच्या ‘द इंग्लिश पेशंट’मधून आठवत असेल. त्यातला किरपाल सिंग याच्याच हाताखाली शिकतो. किरपाल काल्पनिक, हे तिघं खरे.

जुलै १९४१ मध्ये अर्लला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. मॉर्डन आणि हार्ड्स यांना राजाची प्रशंसा, म्हणजे पदक नाही. इथे नियमाचीही गोम होती, बरं का. जॉर्ज मेडल तेव्हा मरणोत्तर देताच येत नसे. त्यामुळे मेलेल्या माणसाला एकतर जॉर्ज क्रॉस, नाहीतर नुसती प्रशंसा. मधलं काहीच नव्हतं.